टेकडीवरच्या एकाच वाटेची वर्षभराची नोंद : रानफुले आणि कीटक नेमके ओळखावेत कसे?

कोथरूडचा वाटसरू

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी मृग लागला त्या आठवड्यापासून मी पुण्यातल्या वेताळ टेकडीवरची एकच वाट नेमाने धरली आहे. कोथरूडच्या बाजूने चढायचे, जुन्या दगडखाणीच्या कडेने पठारावर जायचे, वेताळाच्या देवळापाशी घटकाभर टेकायचे आणि आलो त्याच वाटेने परतायचे, असा आठवड्यातून दोनदा सकाळचा क्रम आहे आणि तो पावसातही फारसा मोडला नाही. वाटेत दिसणारे प्रत्येक नवे फूल आणि प्रत्येक नवा कीटक तारखेसह वहीत टिपायचा, जमल्यास मोबाइलवर छायाचित्र काढायचे आणि संध्याकाळी घरी बसून नाव शोधायचे, एवढाच संकल्प होता. वर्ष संपले तेव्हा वहीत 112 नोंदी झाल्या होत्या. मात्र खात्रीने नाव लिहावे अशा त्यांत चाळीससुद्धा नाहीत, आणि त्या चाळिसांतल्याही काहींबद्दल मला आता शंका येऊ लागली आहे.

शंकेची सुरुवात एका पिवळ्या फुलापासून झाली. गेल्या सप्टेंबरात पठारावरच्या गवतात जागोजागी लहान पिवळी फुले आली. ओळखीच्या एका गृहस्थांनी ती सोनकी असल्याचे सांगितले, मोबाइलमधल्या ॲपनेही सोनकीच सांगितली, म्हणून मी वहीत नऊ ठिकाणी सोनकी लिहून मोकळा झालो. पुढे सिंहगडावर गेलो असता तिथल्या उतारावर फुललेली सोनकी पाहिली आणि ती आमच्या टेकडीवरच्या फुलासारखी मुळीच वाटली नाही. घरी येऊन त्याच ॲपला टेकडीवरच्या त्याच रोपाचे दुसरे छायाचित्र दाखवले, तर या वेळी उत्तर आले कॉसमॉस.

दुसरी अडचण निळ्या फुलाची आहे. जमिनीलगत पसरणाऱ्या एका रोपाला नखाएवढी निळी फुले येतात. त्यांना मी शंखपुष्पी म्हणतो. आमच्या शेजारच्या काकू मात्र गोकर्णीच्या वेलाला शंखपुष्पी म्हणतात आणि माझ्या फुलाला नुसते गवत समजतात. तिसरी अडचण नारिंगी फुलपाखराची. रुईच्या झुडपाभोवती रेंगाळणाऱ्या नारिंगी, काळ्या कडेच्या फुलपाखराची माझ्याकडे दोन छायाचित्रे आहेत. पहिल्या नजरेला दोन्ही सारखीच दिसतात, पण शेजारी शेजारी ठेवून पाहिली की मागच्या पंखांवरचे ठिपके जुळत नाहीत. हे नर-मादीतले अंतर असावे की दोन वेगळ्या जाती? शिवाय मृगाचा किडा मी कीटकांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर लिहिला आहे, तेही बरोबर आहे का, हे कोणी सांगावे.

एकेका नावापेक्षा मला पद्धत हवी आहे. काय पाहिले असता ओळख पटते, वहीत काय लिहावे, आणि त्यासाठी फुले तोडून किंवा कीटक पकडून घरी आणणे आवश्यक आहे का?

शुंडिका

आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण वर्षभर एकच वाट धरून राहणारे लोक फार थोडे असतात. बहुतेकांना दर आठवड्याला नवे ठिकाण हवे असते. मी बरीच वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले आणि विद्यार्थ्यांना जे पहिल्या दिवशी सांगत असे तेच आपल्याला सांगते : फूल समोरून पाहून झाले की ते हलकेच उलटे करून त्याची पाठ पाहा.

सूर्यफुलाच्या कुळात तर याला पर्यायच नाही. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरे तर पुष्कळ बारीक फुलांचा गुच्छ असतो. मराठीत त्याला स्तबक म्हणतात. कडेने पाकळीसारखी दिसणारी प्रत्येक जीभ हे एक स्वतंत्र फूल असते आणि मधली चकती नळीसारख्या अनेक फुलांची बनलेली असते. समोरून पाहिले तर या कुळातल्या निम्म्या पिवळ्या जाती एकमेकींच्या बहिणी वाटतात, आणि ॲपला आपण नेमका तोच चेहरा दाखवतो, त्यामुळे त्याचा दोष मी अर्धाच मानते. खरा फरक गुच्छाला खालून धरणाऱ्या हिरव्या वाटीत असतो. ही वाटी लहान पानांसारख्या छदांची असते. सोनकीची छदे एकाच रांगेत, जवळजवळ सारख्या उंचीची आणि एकमेकींना कडेने चिकटून उभी असतात, जणू पिंपाच्या फळ्याच. तळाशी फार तर दोन-चार बारीक छदे वेगळी दिसतात. आपल्या टेकड्यांवर सप्टेंबर-ऑक्टोबरात गवतातून डोकावणारी सोनकडी घेतली, तर तिची छदे अरुंद, केसाळ आणि अनेक रांगांत, कौलांसारखी एकावर एक रचलेली असतात. कॉसमॉसच्या वाटीत दोन रांगा असतात आणि त्या एकमेकींसारख्या नसतात. बाहेरची छदे हिरवी व अरुंद, तर आतली पातळ व पडद्यासारखी असतात.

आता पाने पाहा. कॉसमॉसची पाने समोरासमोर येतात आणि बारीक चिरलेली असतात. सोनकडीची पाने साधी, निमुळती, एकाआड एक लागणारी आणि तळाशी खोडाला बिलगलेली असतात. सोनकीचीही पाने एकाआड एक येतात, पण त्यांची कड दातेरी असते. फळ धरेपर्यंत थांबलात तर आणखी एक साक्ष मिळते : सोनकीच्या बीला पांढऱ्या रेशमी केसांचा झुपका असतो आणि ते वाऱ्यावर उडते, तर कॉसमॉसचे लांबट, चोचदार फळ बहुधा आपल्या पायमोज्यांना अडकून घरी येते. या वर्णनावरून आपल्या नऊही नोंदी सोनकडीच्या असाव्यात असा माझा अंदाज आहे, कारण सोनकी ही सिंहगड, पुरंदर, कास अशा अधिक उंचीच्या, अधिक पावसाच्या उतारांवर थव्याने फुलते. तरीही पाठ पाहिल्याशिवाय वहीत खाडाखोड करू नका.

निळ्या फुलाच्या बाबतीत आपण आणि आपल्या शेजारीण काकू दोघेही बरोबर आहात, आणि खरी गोम तिथेच आहे. शंखपुष्पी हे नाव आपल्याकडे किमान तीन वेगळ्या वनस्पतींना लावले जाते. त्यांतली एक गोकर्ण, एक पांढऱ्या-गुलाबी फुलांची कॉन्व्होल्व्ह्युलस प्रजातीतली, आणि तिसरी आपली, जिला विष्णुक्रांत असेही म्हणतात आणि जिचे शास्त्रीय नाव इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस आहे. आपल्या फुलाच्या पानांवर रेशमी लव असेल आणि दुपार होण्याच्या आत फुले मिटत असतील, तर ती विष्णुक्रांतच. शास्त्रीय नाव वहीत लिहिण्याचा आग्रह मी धरते तो याच कारणाने. ही दोन शब्दी नावांची पद्धत वनस्पतींसाठी 1753 पासून चालत आली आहे आणि तिच्यामुळे कोथरूडची शंखपुष्पी व नागपूरची शंखपुष्पी यांची गल्लत होत नाही. ही नावे कधीच बदलत नाहीत असे मात्र समजू नका. सोनकीला पूर्वी सेनेसिओ ग्रॅहॅमी म्हणत, आता सेनेसिओ बॉम्बेएन्सिस म्हणतात. तरीही जुने नाव हाती असले की नवे सापडते. मराठी नावही अवश्य लिहा, आणि ते कोणाकडून ऐकले हेही लिहा. गवळी, गुराखी आणि गौरी-गणपतीची पत्री विकायला मंडईत येणाऱ्या बायका यांच्याकडची नावे पुस्तकांत येतातच असे नाही.

छायाचित्राबाबत माझा नियम असा आहे की एका रोपाची किमान पाच छायाचित्रे घ्यावीत : रोप आणि आजूबाजूची जमीन दिसेल असे दुरून एक, पाने खोडावर कशी लागली आहेत ते दाखवणारे एक, फुलाचे समोरून, बाजूने आणि मागून. तेरड्याच्या कुळातल्या फुलांना मागे शेपटीसारखी मधाची नळी असते, तिला शुंडिका म्हणतात. तिची लांबी आणि वळण बाजूने काढलेल्या छायाचित्रातच दिसते आणि त्याशिवाय तेरड्यांच्या जाती वेगळ्या करता येत नाहीत. (माझे इथले टोपणनाव तिच्यावरूनच घेतले आहे.) मोजमापासाठी शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवा, त्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो आणि ते खिशात असतेच.

फुले तोडण्याविषयी : वेताळ टेकडीचा मोठा भाग वनखात्याच्या ताब्यात आहे, तिथे काहीही तोडू किंवा उपटू नये. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि गुडघ्यावर बसा. अगदी अडलेच तर चांगली छायाचित्रे घेऊन तज्ज्ञांना विचारता येते. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागाचे केंद्र 1955 पासून पुण्यातच आहे, आणि आघारकर संशोधन संस्थेतही वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे.

सहा पाय

फुलांविषयी शुंडिकाताईंनी इतके नेमके लिहिले आहे की त्यात भर घालण्यासारखे काही नाही. मी कीटकांकडे वळतो, आणि सुरुवात आपल्या यादीतले पहिले नाव खोडण्यापासून करतो, त्याबद्दल क्षमस्व. मृगाचा किडा हा कीटक नाही. तळहातावर घेऊन पाय मोजा : लाल मखमली अंगाखाली आठ पाय भरतील. तो कोळ्यांच्या आणि गोचिडांच्या गोतावळ्यातला आहे. गंमत अशी की त्याच्या पिल्लाला सहाच पाय असतात आणि ते टोळांसारख्या कीटकांच्या अंगाला चिकटून त्यांच्यावर जगते. प्रौढ जीव मातीत राहतो आणि पहिला जोराचा पाऊस झाला की एकदम वर येतो. वहीत त्याला वेगळे पान द्या, पण तारीख जरूर जपून ठेवा. तो दर वर्षी कोणत्या दिवशी दिसला, ही नोंद दहा वर्षांनी फार मोलाची ठरेल.

नारिंगी फुलपाखराच्या बाबतीत आपली नजर चांगली आहे. दोन जातीच आहेत, आणि त्यांतली एक दुसरीचे सोंग घेते. रुईवर घुटमळणारा तो बिबळ्या कडवा. त्याची अळी रुई आणि तिच्या कुळातल्या झाडांची पाने खाते, चिकातली कडू, विषारी द्रव्ये अंगात साठवते आणि फुलपाखरू झाल्यावरही ती तिच्याजवळ राहतात, त्यामुळे एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. छोटा चांदवा या फुलपाखराच्या मादीने नेमका हाच रंग उचलला आहे. तिच्या अंगात विष नाही. केवळ वेश आहे. नर मात्र काळा असून त्याच्या पंखांवर जांभळी झाक असलेले पांढरे मोठे ठिपके असतात, त्यामुळे त्या दोघांना जोडपे म्हणून कोणी ओळखत नाही.

दोघांतला फरक मागच्या पंखावर आहे. बिबळ्या कडव्याच्या मागच्या पंखाच्या मध्यभागाभोवती लहान काळे ठिपके असतात; मादीला तीन, नराला चार, आणि नराचा तो चौथा ठिपका म्हणजे गंध सोडणारी जागा. छोट्या चांदव्याच्या मादीला तिथे हे ठिपके नसतात. मागच्या पंखाच्या पुढच्या कडेला एकच काळा डाग दिसतो, आणि पंखाची कड किंचित दातेरी असते. आपली दोन्ही छायाचित्रे या खुणांवर तपासा. दुसरी साक्ष वागणुकीची आहे. बिबळ्या कडव्याची मादी रुईच्या पानाला पोट टेकून अंडे घालते, तर छोट्या चांदव्याची मादी रुईकडे फिरकत नाही. ती जमिनीलगतच्या घोळूच्या रोपांवर उतरते. म्हणजे आपण भाजीसाठी आणतो तीच घोळ.

यावरून माझा एक पक्का नियम झाला आहे, आणि तो मला शुंडिकाताईंच्या नियमाची दुसरी बाजू वाटतो : कीटकाच्या नोंदीत तो ज्या झाडावर होता त्या झाडाचे नाव आधी लिहावे. झाड कळले की शक्यतांची संख्या शेकड्यांवरून पाच-दहावर येते. आपल्या वाटेवरचे ते एक रुईचे झुडूपच घ्या. फुलांवर येणारा काळा, जाड, गुंजारव करणारा भुंगा हा रुईच्या परागीभवनाचे मुख्य काम करतो. पानांवर निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा भडक टोळ बसलेला असतो. त्याची पिल्ले फिकट अंगावर काळ्या-तांबड्या ठिपक्यांची असतात आणि त्यामुळे अनेकांना ती निराळीच जात वाटते. पानाच्या खालच्या बाजूला काळे, पांढरे, पिवळे पट्टे असलेली अळी आढळली तर तिच्या पाठीवरच्या काळ्या शिंगांसारख्या तंतूंच्या जोड्या मोजा. बिबळ्या कडव्याच्या अळीला तीन जोड्या असतात. हबशी नावाच्या काळपट तपकिरी फुलपाखराच्या अळीला चार. ही अळी पान खाण्याआधी शीर कुरतडून चीक वाहून जाऊ देते, ते दृश्य पाहण्यासाठी मी एकदा भर उन्हात चाळीस मिनिटे रुईपुढे उकिडवा बसलो होतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी माझे काही हरवले आहे का, अशी विचारणा केली होती.

आणखी एक गल्लत जवळजवळ प्रत्येक नवख्याच्या वहीत सापडते, म्हणून सांगतो. फुलावर बसलेला पिवळा-काळा पट्टेरी जीव दिसला की आपण मधमाशी लिहितो. आधी पंख मोजावेत. मधमाशीला चार पंख असतात. दोनच पंख, अगदी आखूड मिशा आणि डोक्याचा बहुतेक भाग व्यापणारे डोळे असतील, आणि तो जीव हवेत एका जागी तरंगत असेल, तर ती मधमाशीचे सोंग घेतलेली फुलमाशी असते. खऱ्या मधमाश्यांतही आग्या, सातेरी आणि फुलोरी या तिन्ही पुण्यात दिसतात, आणि आकारावरूनच त्या वेगळ्या पडतात. फुलोरी सर्वांत लहान, आग्या सर्वांत मोठी.

कीटक पकडून आणण्याची गरज नाही. डिसेंबर-जानेवारीत सूर्योदयानंतर तासाभरात टेकडीवर जा. गारठ्याने कीटक जागचे हलत नाहीत, अंगावर दव साठलेले असते आणि वाटेल तितक्या जवळून, वरून, बाजूने, समोरून छायाचित्रे मिळतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात जाती सर्वांत जास्त दिसतात, पण एकही धड बसत नाही.

पर्वतीचा पायथा

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, परंतु नवशिक्याने त्यांमुळे दबून जाऊ नये असे मला वाटते. पाच छायाचित्रे, भिंग, छदे, तंतूंच्या जोड्या, हे सारे पहिल्याच दिवशी मागितले तर चालायला निघालेला माणूस घरीच बसेल. मी स्वतः पर्वती-तळजईच्या बाजूला तीन वर्षे केवळ ॲपवर विसंबून फिरलो, निम्मी नावे चुकली असतील, पण त्या चुकांमुळेच मला बघायची सवय लागली. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर छायाचित्र टाकले की यंत्राच्या अंदाजावर पुढे माणसे मत देतात, आणि किमान दोन जणांचे व एकूण मतांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक मतांचे जातीवर एकमत झाल्याशिवाय ती नोंद पक्की धरली जात नाही. ही व्यवस्था मला पुरेशी वाटते.

माझे खरे दुखणे वेगळे आहे. आमच्याकडे ऑक्टोबरात टेकडीचा एक संपूर्ण उतार पिवळ्या-नारिंगी कॉसमॉसने भरतो, लोक कुटुंबासह छायाचित्रे काढायला येतात आणि त्याला पुण्याचे कास म्हणतात. ते फूल मूळचे मेक्सिकोकडचे आहे. दगडांच्या फटीतून येणारी एकदांडी मध्य अमेरिकेची, घाणेरीही अमेरिकेची, आणि गाजरगवताची तर भारतातली पहिली ठळक नोंद 1955 च्या सुमारास पुण्यातच झाली. वहीत प्रत्येक नावापुढे ते इथले की बाहेरचे, असा एक रकाना ठेवा. माझ्या वहीत तो भरल्यावर पाने उलटताना मन थोडे खट्टू झाले, हे खरे.

माळरान

पर्वतीकरांच्या रकान्याला माझा पाठिंबा आहे; त्याला जोडून दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट ऋतूंची. मे महिन्यात टेकडीचे पठार ओसाड दिसते आणि कोणाला तरी तिथे खड्डे खणून झाडे लावण्याची इच्छा होते. प्रत्यक्षात त्या वीतभर मातीत कंद झोपलेले असतात. पहिल्या पावसानंतर पंधरवड्याच्या आत काळ्या मुसळीची जमिनीला टेकलेली पिवळी चांदणी दिसते, पाठोपाठ पांढरी मुसळी येते, आषाढात जमिनीवर सपाट पसरलेल्या एकाच पानातून हबे आमरी (आमरी म्हणजे ऑर्किड) पांढरी फुले काढते, आणि मग श्रावण-भाद्रपदात तेरडा, कवला, नभाळी, कुर्डू यांची रीघ लागते. दसऱ्यानंतर कुसळी गवत पिकते आणि फुले शोधणाऱ्याचे अर्धे लक्ष मोज्यांतली कुसळे काढण्यात जाते. ओलीने पिळा सुटणारे आणि सुकल्यावर पुन्हा पीळ घेणारे ते कुसळ आपले बी स्वतःच मातीत रुतवते, तेही एकदा थुंकीचे बोट लावून पाहावे. पौष-माघात झुडपांकडे वळावे, कारण धायटीची तांबडी फुले तेव्हा येतात. फाल्गुनात पळस, वैशाखात मेडशिंगीची रात्री उमलणारी पांढरी फुले. वहीचे एकही पान कोरे राहण्याचे कारण नाही. पठारावर चालताना मात्र मळलेली वाट सोडू नका, विशेषतः जून-जुलैत, कारण त्या वेळी कोंब पायाखाली येतो आणि आपल्याला कळतही नाही.

दुसरी गोष्ट अशी की आमरी किंवा कंदीलपुष्प यांपैकी काही आढळले तर छायाचित्र सर्वांना दाखवा, पण जागा सांगू नका, आणि नोंद टाकताना स्थान झाकून ठेवा. मी एका गटात उत्साहाने नेमकी जागा कळवली होती. पुढच्या रविवारी तिथे कंदीलपुष्पाऐवजी खुरप्याने खणलेला ताजा खळगा होता. कंदीलपुष्पाच्या नळीत खाली वळलेले केस असतात, त्यामुळे आत शिरलेली लहान माशी ते केस सुकेपर्यंत अडकून राहते आणि सुटताना पराग घेऊन जाते. मला तिला दुसऱ्या फुलाकडे जाताना पाहायचे होते.

कोथरूडचा वाटसरू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण काही तपासल्याशिवाय लिहू नये असे ठरवले होते.

पिवळ्या फुलाची पाठ पाहिली. नऊपैकी सात जागी ती रोपे याही वर्षी उगवली आहेत आणि सातही ठिकाणी छदे कौलांसारखी एकावर एक आहेत, पाने खोडाला बिलगलेली आहेत. तेव्हा सोनकडी. उरलेल्या दोन जागी यंदा काहीच उगवलेले नाही, म्हणून तिथे सोनकी खोडून पुढे प्रश्नचिन्ह ठेवले आहे. फुलपाखराच्या दोन छायाचित्रांपैकी एकात मागच्या पंखावर चार ठिपके आहेत, दुसऱ्यात कडेचा एकच डाग. दुसरे छायाचित्र कुठे काढले ते वहीत पाहिले, तर लिहिले होते, "खाणीजवळ, जमिनीवर बसलेले." तिथे जाऊन पाहिले आणि पायाशी घोळ होती. रुईवर गेल्या शनिवारी पट्टेरी अळी मिळाली, तीन जोड्या. सोसायटीतल्या एका मुलाला सोबत नेले होते. त्यानेच माझ्या आधी मोजल्या.

आता एक नवी अडचण. वाटेच्या सुरुवातीला, भिंतीच्या सावलीत एक निळे फूल आहे. तिसरी पाकळी इतकी लहान आणि फिकट आहे की फुलाला दोनच पाकळ्या आहेत असे वाटते. साडेअकराला परतताना ते विरघळल्यासारखे होऊन गेलेले असते. विष्णुक्रांत नक्कीच नाही. हा केना असावा का, आणि असल्यास कोणता?

शुंडिका

केनाच आहे. कोणता, ते फूल ज्या हिरव्या पुडीतून बाहेर येते तिच्यावरून ठरेल. ती पुडी एका बाजूने उघडी, घडी घातलेल्या पानासारखी आहे की कडा जुळून नरसाळ्यासारखी झाली आहे? आणि पानाचे आवरण खोडाला जिथे वेढते तिथे काही केस दिसतात का?

कोथरूडचा वाटसरू

पुडी नरसाळ्यासारखी आहे. पानाच्या आवरणाच्या तोंडाशी तांबूस केस आहेत, भिंगाशिवायही दिसतात. पाने रुंद, अंडाकृती.

शुंडिका

मग कॉमेलिना बेंगालेन्सिस. निःशंक लिहा. या केन्याला जमिनीखालीही फुले येतात. ती कधी उमलत नाहीत, मिटल्या मिटल्याच त्यांत बी धरते.

कोथरूडचा वाटसरू

ती पाहायची तर रोप उपटावे लागेल, आणि टेकडीवर ते करायचे नाही असे ठरले आहे.

सहा पाय

टेकडीवर मुळीच नको. आपल्या सोसायटीच्या बागेत केना तण म्हणून आलेला असणारच, आणि माळीबुवा तो दर आठवड्याला उपटून कोपऱ्यात टाकत असतील. त्या ढिगातले एक रोप घेऊन मुळाजवळची माती बादलीत धुऊन काढा. पांढुरक्या, जमिनीखाली गेलेल्या फांद्यांच्या टोकांशी पाहा.